लक्ष दूर्वा आणि माझा उजवा कान

ज्याचा एक कान गेला आहे आणि दुसरा जाण्याच्या बेतात आहे, अशा माणसासाठी हे लिहिले आहे. धडधाकट माणसाने वाचू नये असे नाही. पण त्याला यात रक्त, पू आणि मारामारी फार वाटेल. मी त्यात काही वाढविलेले नाही. जिथे मला नक्की आठवत नाही तिथे तसे म्हटले आहे. जिथे मी शुद्धीवर नव्हतो तिथले घरच्यांना विचारून लिहिले आहे, आणि दोघांचे सांगणे जुळले नाही तिथे दोघांचेही दिले आहे.

डावा कान

मी देवास संस्थानच्या बीड-खात्यात होतो. सरकारी घोड्यांसाठी आणि बैलांसाठी जी गवताची राने राखतात त्यांना आमच्याकडे बीड म्हणतात. पावसाळा सरत आला की गवत किती वाढले ते पाहणे, कापणी झाली की गंजी रचून घेणे, गंजीची लांबी-रुंदी-उंची मोजून तीत किती गवत आहे ते काढणे, हे माझे काम. गंजीला नुसते चालत प्रदक्षिणा घातली तरी माझा अंदाज फारसा चुकत नसे.

दरवर्षी गवताला तुरे आले की मला शिंका सुरू होत. डोळे लाल होत, टाळूला आतून खाज सुटे, नाक गळे. घरात आणि कचेरीत सगळे म्हणत, अप्पांची सर्दी आली. कापणी आटोपली की ती जाई. त्यामुळे कोणी तिकडे लक्ष दिले नाही, मीही नाही. पुढे शिंकांबरोबर कानात दडे बसू लागले आणि त्याच्या पुढच्या साली डावा कान ठणकू लागला.

ठणका हा शब्द अपुरा आहे. कानात सुतार बसला आहे आणि तो गिरमिट फिरवीत बाहेर यायला वाट करतो आहे, असे होते ते. मी भिंतीवर डोके आपटले, कारण कपाळाचे दुखणे निदान कपाळाचे तरी असे. न्हाणीघराच्या दाराला लाथ मारली ती इतकी की दार बिजागरीसकट निघाले. कारकून कागद घेऊन आला आणि काहीतरी पुटपुटला, तर मी दौत त्याच्या अंगावर भिरकावली. ती त्याच्या खांद्याला लागून फुटली. तो बिचारा नुसते 'सही' म्हणत होता.

माझी थोरली बहीण आक्का विधवा आहे आणि आमच्याच घरी असते. घरात तिचा शब्द चालतो. तिने लसणीचे तेल कढविले. पुरेसे निवले आहे असे तिचे म्हणणे, नव्हते असे माझ्या कुटुंबाचे, म्हणजे बायकोचे. तेल कानात गेले तेव्हा मी जो हात फिरविला त्याने वाटी, पळी आणि आक्काच्या हातातील फडके अशी तिन्ही उडाली. कानाच्या पाळीवरील भाजल्याची खूण अजून आहे. मग बाजारातला कान कोरणारा आला. त्याने सळईने काहीतरी काढले, मला दाखविले आणि म्हणाला, "लो बाबूसाब, निकल गयो कीड़ो." ते वाळके रक्त होते.

त्यानंतर कानामागे गाठ आली, ताप चढला, मान वळेना. माझ्या कुटुंबाचा धाकटा भाऊ बापूराव धारला वकिली करतो. त्याचा निरोप आला की विलायतेहून शिकून आलेले एक डॉक्टर, पेठे नावाचे, धारला दवाखाना घालून बसले आहेत. ताबडतोब घेऊन या. मला बैलगाडीत गवताच्याच गादीवर घातले. कोणी मुद्दाम केले नाही. गाडीत पसरायला गवत हेच घालतात. इंदूर मागे पडल्यावर कुठेतरी मी उठून गाडीवानाचा गळा धरला असे म्हणतात. मला ते आठवत नाही. गाडीवानाने मात्र धारला उतरल्यावर सगळ्यांना मान दाखविली.

कापणे

पेठे डॉक्टर वयाने लहान, अंगाने किडकिडीत, आणि बोलताना चष्मा काढून पुसण्याची त्यांना सवय. त्यांनी गाठ दाबली. मी ओरडलो. ते बापूरावाला म्हणाले की गुंगीचे औषध संपले आहे, महूहून यायचे आहे, आणि ते येईपर्यंत थांबलो तर पू आत मेंदूकडे जाईल. म्हणजे तसेच कापायचे.

चौघांनी मला धरले. दोघे पायांवर, एक हातांवर आणि बापूराव छातीवर बसला. तो अंगाने भरलेला आहे. डॉक्टरांनी कानामागे हाडापर्यंत चिरले. सुरी हाडाला लागल्याचा आवाज मी आतून ऐकला. डाव्या कानाने ऐकलेला तो शेवटचा आवाज. पू उडाला तो बापूरावाच्या कोर्टाच्या काळ्या कोटावर. मी त्याचा अंगठ्याजवळचा हात दातात धरला होता आणि तो सोडवायला डॉक्टरांना काम थांबवावे लागले.

बापूराव इकडच्या रीतीने मला जिजाजी म्हणतो. हाताला पट्टी बांधून घेताना म्हणाला, "जिजाजी, कोर्टात उलटपक्षाच्या वकिलानंसुद्धा मला इतकं चावलं नाही हो." मी हसलो, आणि टाके ताणून पुन्हा रक्त आले.

जखम भरली. डावा कान गेला. खिशातले घड्याळ त्याला अगदी चिकटवून धरले तरी टिकटिक नाही.

निदानाचा दिवस

मी परत देवासला जाण्याच्या तयारीत असताना उजव्या कानात दडा बसला.

त्याच दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. मी त्यांना विचारले की हे सर्दीने होते तर पौषातल्या थंडीत का होत नाही? माझा त्रास नेहमी गवताच्या तुऱ्याबरोबर येतो. ज्या साली पाऊस उशिरा लागला आणि गवत उशिरा फुलले, त्या साली त्रासही उशिरा आला. कापणी लवकर झाली त्या साली तो लवकर गेला. बिडाचा सगळा हिशेब माझ्या डोक्यात असल्याने मला हे मांडता आले. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तो पुसायचे विसरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडूच्या रस्त्यावरच्या बिडातून फुललेले गवत आणविले. तुऱ्यांची पिवळी भुकटी कागदावर झाडली, पाण्यात कालविली, ते पाणी गाळून पुन्हा पुष्कळ पाण्यात घातले आणि त्यातला एक थेंब माझ्या उजव्या डोळ्यात सोडला. बापूराव शेजारी उभा होता. जरा वेळात डोळा असा पेटला की मी खुर्चीचा हात उपटला. पापण्या सुजून डोळा मिटला, बुबुळाभोवती मांस फुगून आले, पाणी हनुवटीवरून गळू लागले. डॉक्टर मात्र आनंदाने टाळी वाजवीत होते.

बापूरावाने बाह्या वर केल्या. "कान बरा करायला आणलंय, डोळा फोडायला नाही," तो म्हणाला.

डॉक्टर त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर टेबलामागे गेले आणि तिथून त्यांनी मला समजाविले. नाकातून कानात एक बारीक नळी जाते. नाक आतून सुजले की ती मिटते, मग कानात पाणी साचते आणि साचलेले पाणी नासते. डाव्या कानात तेच झाले. मी विचारले की गवतात असे कोणते विष आहे?

"विष काहीच नाही," ते म्हणाले. "गवत तुम्हाला काही करत नाही, अप्पासाहेब. तुमचंच शरीर त्याला मारायला उठतं. आणि त्या मारामारीत घर मोडतं ते तुमचं."

विलायतेत यावर नुकताच एक उपाय निघाला होता आणि तो त्यांनी तिथे स्वतः पाहिला होता. त्याच भुकटीचे अतिशय पातळ पाणी हातात टोचायचे, आठवड्याला एकदा, आणि मात्रा हळूहळू वाढवीत न्यायची. म्हणजे गवत फुलेपर्यंत शरीराला त्याची ओळख झालेली असते. तूर्त त्यांनी नाकात औषध सोडून दडा उतरविला, आणि फाल्गुनात या, म्हणाले. खात्री देत नव्हते. उजवा कान असाच ठेवला तर तो किती वर्षे टिकेल, याचीही खात्री देत नव्हते.

उजव्या कानात काय होते

इथे एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही.

माझे कुटुंब लग्न होऊन आले तेव्हापासून वडील माणसांसमोर माझ्याशी मोठ्याने बोललेले नाही. आमच्या घरची ती रीत. आधी माझी आई होती, नंतर आक्का. जे सांगायचे ते दाराआडून, पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता, अगदी हळू. मला त्या आवाजाची सवय झाली होती. दिवसभर कचेरीत आणि बाजारात सगळे ओरडूनच बोलतात. घरात हा एक आवाज असा होता की त्यासाठी मला मान किंचित वळवावी लागे.

डावा गेल्यावर मी उजवा कान दाराकडे करून बसू लागलो. उजव्यात दडे बसत तेव्हा आक्काचे मला सगळे ऐकू येई, कारण ती शेजारच्या आळीलाही ऐकू येते. कुटुंबाचे ओठ मात्र नुसते हलताना दिसत. मी 'काय?' म्हणे. ती आक्काकडे पाही आणि पुन्हा तितक्याच हळू सांगे. मी पुन्हा 'काय?' म्हणे. तिसऱ्यांदा ती सांगत नसे. दडा उतरला तरी ती पूर्वीइतके बोलेनाशी झाली.

पेन्शनीत निघावे लागेल, ही भीतीही होती. पण त्याहून मोठी भीती वाटे ती दारात तांब्या ठेवून न बोलता वळलेली पाठ पाहून.

टोचण्या

फाल्गुनात मी लांब रजा काढून धारला आलो. बापूरावाचे घर तलावाच्या बाजूला आहे आणि त्याची बायको-मुले तेव्हा उज्जैनला माहेरी होती, म्हणून आम्ही तिघे, मी, कुटुंब आणि आक्का, तिथेच राहिलो.

पहिली टोचणी किती पातळ होती ते मी असे समजून घेतले: गवताचा एक तुरा विहिरीत झाडावा आणि त्या विहिरीतले पळीभर पाणी घ्यावे. तरीही दंड सुजला. पुढच्या टोचण्यांना सूज कोपरापर्यंत उतरे, हात लाल होऊन तापे, अंगरखा चढत नसे. सुई जाड होती. दर वेळी डॉक्टर ती स्पिरिटच्या दिव्यावर धरीत आणि दर वेळी माझ्या तळहातांना घाम सुटे. सवय झाली असे मी म्हणणार नाही. टोचल्यावर तासभर दवाखान्याच्या बाकावर बसायचे हा नियम. त्या बाकावर मी माणसांची हाडे बसविताना, गळवे फोडताना, दात उपटताना पाहिली. एक भिल्ल अस्वलाने फाडलेली मांडी शिवून घेत होता आणि माझ्या सुजलेल्या दंडाकडे पाहून तो कीव आल्यासारखा चुकचुकला.

चांगलेही काही होते. कुटुंब दंडावर ओल्या फडक्याची घडी ठेवी आणि आक्का आसपास नसली की बोले. ज्येष्ठात डॉक्टरांनी घड्याळ धरून पाहिले: उजव्या कानाला टिकटिक दीड हातावरून येत होती. भाद्रपद लागला, तलावापलीकडची राने फुलली, आणि मला नुसत्या चार शिंका आल्या. कान मोकळा होता. मात्रा आता पुऱ्या मापाला पोचली होती. डॉक्टरांची एकच ताकीद होती, गवताजवळ जायचे नाही. मी गेलो नाही. घोडा दिसला तरी रस्ता ओलांडीत असे.

लक्ष दूर्वा

आक्काने माझ्या कानासाठी गणपतीला नवस केला होता. कान पावसाळा पार पडला तर लक्ष दूर्वा वाहीन. आता कान पार पडतो आहे असे दिसल्यावर तिने चतुर्थीला सुरुवात केली. अनंत चतुर्दशीच्या आत एक लाख पुऱ्या करायच्या, म्हणजे रोज दहा हजारांवर. तलावाकाठच्या बायका पहाटे टोपल्या भरून आणीत. त्या निवडायच्या, कोवळ्या वेगळ्या काढायच्या, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायच्या, आणि मोजायच्या.

मोजायचे काम अर्थात माझ्याकडे आले. "नवसात एक कमी पडली तर ती माझ्या माथी," आक्का म्हणाली, "आणि बापूला शंभराच्या पुढं मोजता येत नाही." बापूराव म्हणाला की शंभराच्या पुढची फी त्याला कधी मिळालीच नाही.

मी सोवळे नेसून टोपल्यांपुढे बसलो. आता वाचणारा म्हणेल, हा माणूस आयुष्यभर गवत मोजीत आला आणि याला कळले नाही? नाही कळले. गवत म्हणजे घोड्याने खायचे, गंजीत रचायचे. दूर्वा म्हणजे पूजेचे साहित्य, फुले-पत्री-गंध यांच्या पंक्तीतले. शेतात तिला हरळी म्हणून शिव्या देत असतील, पण देवघरात ती गवत नव्हे. तिच्याशी सोवळ्यात वागतात. पेठे डॉक्टरांनी स्वतः त्या चतुर्थीला आपल्या गणपतीला एकवीस वाहिल्या होत्या आणि त्यांनाही हे सुचले नाही.

पहिल्या काही दिवसांतच नाक वाहू लागले. मला वाटले, ओल्या सोवळ्याने सर्दी झाली. शिवाय टोपल्यांत फुललेल्या काड्या फार येऊ लागल्या. चिमणीच्या पायासारखे तुरे असतात ते. देवाला तुऱ्याची चालत नाही, म्हणून मी प्रत्येक जुडी झटकून ते वेगळे काढीत होतो. माझ्या धोतरावर बारीक पिवळसर धूळ बसे. मी ती हाताने झाडीत असे.

त्या दुपारी

टोचणीचा दिवस होता. मी पुरे माप टोचून घेतले. बाकावर बसलो, पण घरी टोपल्या सुकत होत्या आणि आक्काची आरती खोळंबली होती. इतक्या महिन्यांत काही झाले नाही म्हणून डॉक्टरांनीही जा म्हटले. मी घरी आलो, सोवळे नेसलो, मोजू लागलो.

आधी तळहात खाजले, मग तळपाय. मी ते जमिनीवर घासले. मग टाळू, कान, मांड्या, सगळे अंग एकदम खाजू लागले आणि बघता बघता त्यावर गांधी उठल्या, एकीत एक मिसळून. ओठ जड झाले. मी आक्काला हाक मारली तर आवाज आला तो बोकड कापताना येतो तसा. गळ्याला आतून मूठ आवळल्यासारखी झाली. मी ओकलो, टोपल्यांवरच. उठायला गेलो आणि देवापुढच्या समईवर पडलो. गरम तेल हातावर सांडले ते मला कळलेही नाही. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. छाती भात्यासारखी फुगून तशीच राहत होती. मी स्वतःचा गळा नखांनी ओरबाडला. त्याचे वळ पुढे पुष्कळ दिवस होते.

इथून पुढचे विचारून लिहिलेले आहे.

आक्काने दूर्वांचा रस काढून माझ्या नाकात पिळायला घेतला. उष्णतेवर आमच्याकडे तोच उपाय. कुटुंबाने तो तिच्या हातातून हिसकावून सांडला असे कुटुंब म्हणते. तो आपोआप सांडला असे आक्का म्हणते. बापूराव डॉक्टरांना आणायला धावला आणि त्यांना दंडाला धरून ओढीत आणले. डॉक्टर दारात येऊन माझ्याकडे पाहतात तो मी निळा पडलो होतो. ते म्हणाले, "टोचणीचंच हे."

एवढे ऐकल्यावर बापूरावाने त्यांना मारले. पहिला तडाखा तोंडावर, चष्मा फुटला. दुसरा पोटात. मग त्याने त्यांचा गळा धरून भिंतीला टेकविले आणि विष दिलेस, माझ्या बहिणीला विधवा केलेस, असे ओरडत त्यांचे डोके भिंतीवर आपटू लागला. डॉक्टरांच्या हातातली पेटी त्यांनी सोडली नव्हती, पण बोलता येत नव्हते.

माझ्या कुटुंबाने देवापुढचा लाकडी पाट उचलला आणि आपल्या भावाच्या पाठीत घातला. तो सुटला नाही. तिने दुसऱ्यांदा घातला, तो पाटाच्या कडेने, खांद्यावर. तेव्हा त्याचा हात सुटला.

"मारायचं असेल तर मागाहून मार," ती म्हणाली. गल्लीत ऐकू गेले असे शेजारी सांगतात. "आधी त्यांना सुई टोचू दे."

डॉक्टरांनी गुडघ्यांवर सरकत माझ्यापर्यंत येऊन पेटी उघडली. चष्म्याशिवाय त्यांना श्वास मोकळा करणाऱ्या औषधाची नळी दिसेना. कुटुंबाने ती फोडून दिली. त्यांच्या ओठातले रक्त माझ्या छातीवर गळत होते. त्यांनी मांडीत सुई खुपसली, धोतरावरूनच. थोड्या वेळाने पुन्हा एक.

मला आठवते ते इथून. काळीज फासळ्यांना लाथा मारीत होते, हातपाय थडथड उडत होते, आणि छातीतली हवा शिट्टी वाजवीत बाहेर पडली. त्याहून गोड मला आजवर काही लागलेले नाही. डॉक्टर माझ्या शेजारी आडवे पडले होते. त्यांनी ओकलेल्या टोपलीतली एक काडी उचलून डोळ्यांपाशी नेली, तिचा तुरा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"दूर्वा," ते म्हणाले. "अरे देवा. दूर्वा."

नंतरचे भांडण

उजव्या कानात त्या झटक्याने पाणी भरले. दोन दिवसांनी तो ठणकू लागला, तोच सुतार, तेच गिरमिट. या वेळी डॉक्टरांनी थांबू दिले नाही. पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढले. पाणीच होते, पू नव्हता. पण मला काही ऐकू येत नव्हते, आणि पडदा भरून येईपर्यंत येईल की नाही हे सांगता येत नव्हते.

डॉक्टरांनी बापूरावावर फिर्याद केली नाही. मला मात्र पुन्हा टोचायला त्यांनी नकार दिला. नियम त्यांनी मोडू दिला होता, असे त्यांनी पाटीवर लिहून मला दाखविले, आणि चूक दोघांची आहे हे मी खाली लिहिले. तरी ते तयार होईनात.

पडदा मिटत आला तसे मला ऐकू येऊ लागले. आधी भांडी, मग आक्का. त्याच सुमारास घरात वाद पेटला. बापूराव म्हणे की कान गेला तर गेला, जीव वाचला हे पुष्कळ. आक्काचे म्हणणे वेगळे. नवस अर्ध्यात मोडला, वाहिलेल्या दूर्वांवर माणूस ओकला, देव कोपला. आता सुई नको, आधी लाख पुऱ्या करा. दोघे एकमेकांवर ओरडत होते आणि मी मध्ये बसलो होतो. कुटुंब दारात होते.

ती आत आली. आक्काच्या समोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण आवाज तो नव्हता.

"वन्सं, यांचा कान गेला तर तुम्ही ओरडाल आणि यांना ऐकू येईल. बापू ओरडेल. मी कुणाशी बोलू?"

ती तशीच उभी राहिली, उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही अशी. आक्का तिच्याकडे पाहत राहिली, जणू घरात इतकी वर्षे वावरणारे हे माणूस कोण, हे तिला आज विचारावेसे वाटत होते. मग उठून आत गेली आणि तिने दिवसभर भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का एकटी पेठे डॉक्टरांकडे गेली. काय बोलली ते तिने सांगितले नाही. डॉक्टर पुढे म्हणाले की तिने त्यांच्या फुटक्या ओठाकडे बोट करून बापूला आपणही दोन ठेवून दिल्याचे सांगितले, आणि मग पदर पसरला. आक्काने आजवर देवाखेरीज कोणापुढे पदर पसरलेला नाही.

विहिरीवर

टोचण्या पुन्हा सुरू झाल्या, पहिल्यापासून, त्या विहिरीतल्या पळीभर पाण्यापासून. या वेळी तास पुरा होईपर्यंत कुटुंब माझ्याशेजारी बाकावर बसे, परक्या माणसांच्या देखत. ज्यांना ही चिकित्सा मिळेल त्यांना माझे सांगणे एवढेच: बसायला सांगितले असेल तितके बसा. आणि काय टाळायचे ते विचाराल तेव्हा त्याची घरातली, शेतातली, देवघरातली सगळी रूपे विचारा.

मी पुरता बरा नाही. डावा कान गेला तो गेलाच. भाद्रपदात अजून शिंका येतात आणि नाक वाहते; उजवा कान मात्र त्यानंतर भरलेला नाही. बिडात मी आता कापणीनंतरच जातो. घड्याळ अजून हातभरावरून ऐकू येते. दीड हात होते तितके नाही, आणि ते कमी झाले ते कमी झाले असे धरून चालले आहे.

आक्काचा नवस राहिला होता. आम्ही देवासला परतल्यावर दुसऱ्या साली तिने तो पहिल्यापासून धरला, घरात नव्हे, बाजारातल्या गणपतीच्या देवळात. दूर्वा तिथेच आणविल्या, तिथेच निवडल्या, मोजल्या तिने स्वतः. रोज दुपारी ती परत येई ती पुढच्या दाराने नाही. आळीच्या मागून विहिरीवर जाई, डोक्यावरून पाणी घेई, अंगावरचे लुगडे तिथेच पिळून ठेवी आणि वाळके नेसून मग घरात पाऊल टाकी. सगळे जग आंघोळ करून पूजेला बसते. देवाची पूजा करून विटाळ धुवावा तशी आंघोळ करणारी बाई देवासात ती एकटी असेल. तेव्हा तिला लोक काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. तिने कोणाला कारण सांगितले नाही.

लाख पुऱ्या झाल्या, पण एकवीस दूर्वांची रोजची पूजा तिने देवळातच ठेवली आहे, आणि आंघोळही. भाद्रपदात पाणी गार असते आणि ती आता म्हातारी झाली आहे. मी आतल्या खोलीत बसलेला असतो. घागर विहिरीत पडल्याचे, रहाट कुरकुरल्याचे, पाणी दगडावर आदळल्याचे मला ऐकू येते. थंडीने दात वाजत असताना ती मला, माझ्या नाकाला आणि पेठे डॉक्टरांना ज्या शिव्या देते, त्या पुटपुटलेल्या असतात, कोणी ऐकाव्यात म्हणून दिलेल्या नसतात. उजव्या कानाला त्यातला एकही शब्द चुकत नाही.